माळावरची बोर: भूम तालुक्यातल्या दीड एकराची दहा वर्षं

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, बालाघाट डोंगररांगेच्या कडेला आमची सहा एकर जमीन आहे. विहिरीच्या अंगाचे साडेचार एकर काळे, आणि वरचा दीड एकर माळ. माळ म्हणजे वीतभर तांबडी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली फुटका कातळ. पाऊस सरासरीने ६०० ते ७०० मिलिमीटर धरतात. तो चार महिन्यांत येतो आणि मधेच तीन-तीन आठवडे उघाड देतो. काळ्या रानात अशा उघाडीत सोयाबीन कसंबसं तग धरतं. माळावर आठ दिवसांत गवत पिवळं पडतं.

या माळावर आज १२९ बोरीची झाडं उभी आहेत. त्यांना पाण्याची नळी नाही. ती उभी कशी राहिली आणि त्याआधीची का मेली, हे सगळं एकदा नीट लिहून ठेवायचं होतं. फळबागेचे अनुभव आपल्याकडे बहुतेक यश आल्यावर लिहिले जातात. मेलेली झाडं त्यात मोजली जात नाहीत. आमच्या प्रकरणात शिकायला मिळालं ते मेलेल्या झाडांकडूनच, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करते.

पहिली लागवड

२०१२ चा पाऊस गेला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात विहीर तळाला लागली. काळ्या रानातली आमची डाळिंबं त्या उन्हाळ्यात वाळली. मराठवाड्यात त्या वर्षी मोसंबीच्या बागा शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने तोडल्या, त्यापुढे आमचं नुकसान लहान होतं. पण घरात ठरलं की आता पाणी मागणारं फळझाड लावायचं नाही. बोर, सीताफळ, चिंच, आवळा ही कोरडवाहू फळझाडं, हे १९९० पासून ऐकत आलो होतो. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना तेव्हा आली आणि शेजारच्या सोलापूर, नगर जिल्ह्यांत बोरीच्या बागा उभ्या राहिल्या. आम्ही बोर निवडली.

जुलै २०१४ मध्ये एका रोपवाटिकेतून उमराण जातीची १२० कलमं आणली. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डे घेतले, शेणखत आणि काळी माती भरली, ठिबकची नळी अंथरली. माळावर १६० जागा बसत होत्या, सहा बाय सहा मीटरवर. ४० जागा पुढच्या वर्षासाठी ठेवल्या.

२०१४ ला पाऊस कमी झाला. २०१५ ला त्याहून कमी. विहिरीचं पाणी जानेवारीत संपलं, तेव्हा टँकर विकत घेऊन टाकी भरली आणि ठिबक चालू ठेवलं. कोरडवाहू म्हणून लावलेल्या झाडाला आम्ही टँकरचं पाणी पाजत होतो, यातला विरोधाभास तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही. मार्च २०१६ मध्ये टँकर परवडेना. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या दिवसांत माळावरच्या झाडांसाठी पाणी मागायला तोंडही नव्हतं. नळी बंद केली आणि पाच आठवड्यांत झाडं पटापट गेली. मेअखेर मोजली तेव्हा १२० पैकी ३१ जिवंत होती.

मामा, म्हणजे माझे सासरे, त्या दिवशी माझ्याबरोबर माळावर होते. आमच्याकडे सून सासऱ्याला मामा म्हणते. त्यांनी एक वाळकं झाड धरून ओढलं, तर ते सहज हातात आलं. त्याचं मूळ रोपवाटिकेतल्या पिशवीच्या आकाराचंच होतं, गोल गुंडाळलेलं, चुंबळीसारखं. दोन वर्षं मातीत राहूनही मधलं मूळ चुंबळीच्या बाहेर पडलं नव्हतं. बाजूची बारीक मुळं तेवढी ठिबकच्या तोटीखाली, वरच्या वीतभर मातीत पसरली होती.

“तू त्याला पाणी वरून देतीस पोरी,” मामा म्हणाले, “मग ते खाली कशाला जाईल?”

मग त्यांनी बांधाकडे बोट केलं. आमच्या पूर्वेच्या बांधावर गावरान बोरी आहेत, मामांच्या लहानपणापासूनच्या, कुणी न लावलेल्या. मे महिन्यात त्यांची पानं झडलेली होती, पण फांद्या लवचीक होत्या. त्याच वर्षी शेजाऱ्याने बांधालगत मुरूम काढला होता आणि खड्ड्याच्या उभ्या भिंतीत त्यातल्या एका बोरीचं मूळ उघडं पडलं होतं. ते मनगटाएवढं मूळ मुरमातून सरळ खाली जाऊन कातळाच्या भेगेत शिरलं होतं. खड्डा दीड परस, म्हणजे दीड माणूस उंचीएवढा खोल, आणि मूळ तळाच्याही खाली गेलेलं. खड्ड्याच्या काठावर मी बराच वेळ बसून होते. झाड बोरीचंच, माळ तोच, पाऊस तोच. फरक फक्त झाड कुठे जन्मलं याचा होता.

कलमी रोपांना सरसकट नावं ठेवणं चूक होईल, म्हणून इथे थोडं थांबते. आमची रोपं जुनी झाली होती आणि पिशव्या आखूड होत्या. बोरीचं मधलं मूळ उगवल्यापासून काही आठवड्यांत खाली धावतं. आखूड पिशवीच्या तळाला ते आपटलं की वळतं, आणि एकदा वळलेलं मूळ सहसा सरळ होत नाही. म्हणून बोरीच्या रोपांसाठी २५-३० सेंटिमीटर लांबीची नळीसारखी पिशवी वापरतात आणि रोप कोवळं असतानाच जमिनीत नेतात. पाणी असलेल्या काळ्या रानात गुंडाळलेलं मूळही निभावून जातं. माळावर ते निभत नाही.

शेळ्यांच्या जागेतल्या आठळ्या

ठरलं असं की बी जागेवरच टोकायचं, झाड तिथेच उगवू द्यायचं आणि दोन वर्षांनी त्यावर उमराणचा डोळा भरायचा, म्हणजे उमराणच्या फांदीवरचा अंकुर त्याच्या सालीखाली बसवायचा. खाली गावरान, वर उमराण. हा शोध आमचा नाही. जागेवर डोळा भरण्याची पद्धत कृषी विद्यापीठं कोरडवाहू बोरीसाठी कितीतरी वर्षं सांगत आली आहेत. पुस्तकात ती होती आणि आम्ही दुकानातून कलमं आणली, कारण कलम लावलं की झाड दिसतं. आठळी टोकली की पहिले दोन महिने माळ मोकळाच दिसतो.

प्रश्न होता बियांचा. जूनमध्ये गावरान बोराच्या आठळ्या कुठून आणायच्या? उत्तर आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी दिलं. आमच्या सात उस्मानाबादी शेळ्या हिवाळाभर बांधाखाली पडलेली बोरं खातात आणि रात्री रवंथ करताना आठळ्या तोंडातून टाकतात. शेळ्या बांधायच्या जागेच्या कोपऱ्यात आठळ्यांचा थरच होता. आत्यांनी दोन घमेली भरून आणल्या.

१० लिटर पाण्यात पावणेदोन किलो मीठ विरघळवून त्यात आठळ्या टाकल्या. पोकळ आठळ्या तरंगतात, भरलेल्या बुडतात. निम्म्याहून जास्त तरंगल्या, त्या फेकल्या. बुडालेल्या गोड्या पाण्याने धुतल्या. अख्खी आठळी टोकली तर उगवायला तीन-चार आठवडे लागतात. तडा देऊन आतलं बी काढलं तर आठवड्याभरात कोंब येतो. आत्यांनी ओट्यावर बसून वरवंट्याच्या कडेने दोन दिवस आठळ्या फोडल्या. आत दोन कप्पे असतात, कधी दोन्ही भरलेले, कधी एकच. जोर थोडा जास्त झाला की बी चिरडतं. फोडलेलं बी उगवतं लवकर, पण मुंग्याही त्यालाच आधी शोधतात. म्हणून प्रत्येक जागी दोन फोडलेली बियं आणि एक अख्खी आठळी टाकायची ठरवली.

खड्डे या वेळी घेतले नाहीत. रुंद खड्ड्यात भरलेली भुसभुशीत माती मुळाला तिथेच थांबायला सांगते, असं आता माझं मत आहे. मामांनी आणि भाऊजींनी प्रत्येक जागी पहारेने दोन-अडीच फूट खोल एकच भोक पाडलं, मुरूम फोडून. त्यात तीच माती थोड्या शेणखतात कालवून भरली. उताराच्या खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखा मातीचा बांध घातला, की वरचं वाहतं पाणी येऊन जागेपाशी मुरावं. या कोरी घालायला सगळ्यात जास्त मजुरी लागली आणि सगळ्यात जास्त उपयोगही त्यांचाच झाला.

जिवंत राहिलेली ३१ कलमं होती तशीच ठेवली. उरलेल्या १२९ जागांवर जून २०१६ च्या शेवटच्या आठवड्यात बी टोकलं. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, हे आमचं नशीब. ११७ जागी उगवलं. ऑगस्टअखेर एका जागी दोन रोपं होती, त्यातलं एक मी खुरप्याने हळूहळू खणून काढलं. जमिनीवर वीतभर वाढ, आणि खाली पांढरं, सरळ मूळ हातभर गेलेलं. टोक तुटून मुरमातच राहिलं.

पहिल्या उन्हाळ्यात, २०१७ ला, दर वीस दिवसांनी एका रोपाला एक बादली पाणी दिलं, बुंध्यापासून हातभर दूर पहारेने पाडलेल्या भोकात. वरची माती कोरडीच राहू दिली. दुसऱ्या उन्हाळ्यापासून आजतागायत पाणी दिलेलं नाही.

रोपं मेली ती तहानेने मेली नाहीत, खाल्ली गेली. बोरीचा पाला शेळीला अतिशय आवडतो. काटे असले तरी ती ओठांनी हळूच पानं काढते. गावातली मोकळी जनावरं माळावर चरायची ही पिढ्यांची रीत, आणि माझ्या दीड एकरासाठी ती रीत बंद करा म्हणणं मला जड गेलं. भांडणं झाली. शेवटी नाल्यातल्या वेड्या बाभळीच्या फांद्या तोडून प्रत्येक रोपाभोवती काट्या रोवल्या. वेड्या बाभळीबद्दल एक सांगते, कारण माळावर काय टिकेल असं विचारलं की कुणीतरी तिचं नाव घेतंच. ती टिकते, खरं आहे. पण ती बाहेरून आणलेली आहे, तिच्याखाली गवत वाढत नाही आणि एकदा पसरली की काढता निघत नाही. आमच्याकडे तिचा उपयोग कुंपणापुरताच.

वाळवी, शेळ्या आणि एका रात्रीत शिरलेली रानडुकरं, सगळं धरून मे २०१७ ला १०३ रोपं राहिली. रिकाम्या २६ जागी पुन्हा बी टोकलं, त्यातली २१ जगली. बियाण्याची एकूण १२४ झाडं झाली.

डोळे भरणे

मार्च २०१८ मध्ये जाड झालेली ८६ रोपं जमिनीपासून वीतभर ठेवून कापली. मामा त्या दिवशी रानात आलेच नाहीत. दोन वर्षं काट्या रोवून सांभाळलेलं झाड कापताना माझाही हात थरथरला. एप्रिलमध्ये बुंध्याला चार-चार, पाच-पाच फुटवे आले. एक सरळ जोमदार फुटवा ठेवला, बाकीचे काढले. जुलैत तो पेन्सिलीएवढा जाड झाला.

डोळकाड्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका ओळखीच्या बागेतून आणल्या, त्याच हंगामात फुटलेल्या फांदीच्या, टपोऱ्या डोळ्यांच्या. तोडल्याबरोबर पानं काढून, देठ ठेवून, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. डोळे भरणारे कारागीर बाबा पहाटे मोटारसायकलवर आले. त्यांचं काम पाहण्यासारखं होतं. फुटव्याच्या सालीला आडवा छेद, त्याच्या मध्यातून खाली उभा छेद, चाकूच्या मागच्या चपट्या टोकाने साल अलगद उचलायची. डोळकाडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा सालीसकट काढायचा, त्या सालीखाली सरकवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधायचं, डोळा तेवढा उघडा ठेवून. साल सुटली पाहिजे, म्हणजे झाडात रस चढलेला पाहिजे. उघाड पडली की साल चिकटून बसते आणि डोळा लागत नाही.

२०१८ च्या पावसात नेमके खंड पडत गेले. ८६ पैकी ४९ डोळे लागले. देठाला बोट लावल्यावर तो गळून पडला की डोळा लागला, देठ वाळून चिकटून राहिला की गेला, ही खूण बाबांनी शिकवली. दुसऱ्या खेपेला, जुलै २०१९ मध्ये, आणि तिसऱ्या खेपेला २०२० मध्ये मीच डोळे भरले. आज १११ झाडांवर उमराण आहे.

डोळा लागल्यावर काम संपलं असं वाटतं, तिथेच फसगत होते. बुंध्यापासून गावरान फुटवे येत राहतात, वर्षातून तीन-चारदा, आणि ते उमराणपेक्षा जोरदार असतात. पान लहान आणि काटा जास्त अणकुचीदार, यावरून ओळखायचे आणि लगेच काढायचे. मी आजारी होते त्या एका पावसाळ्यात कुणी लक्ष दिलं नाही, तर सहा झाडांवर गावरान फुटव्याने वरचा उमराण दाबून टाकला. ती झाडं पुन्हा कापून पुन्हा डोळे भरावे लागले.

२०१९ चा उन्हाळा

ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढच्या उन्हाळ्यात चारा छावण्या सुरू झाल्या. आमची विहीर डिसेंबरात आटली.

माळावरची पानं मार्चमध्येच झडली, नेहमीपेक्षा महिनाभर आधी. एप्रिलमध्ये सगळा माळ करड्या काटक्यांचा दिसत होता. जाणारे-येणारे म्हणायचे, गेली तुमची बोरं. मी रोज एका झाडाची साल नखाने खरवडून पाहायची. आत हिरवं दिसलं की घरी यायची. बोर उन्हाळ्यात पानं टाकून झोपते हे वाचून माहीत होतं. पानंच नाहीत म्हणजे पाणी उडून जायला वाटच नाही. पानं असतात तेव्हाही त्यांची खालची बाजू पांढुरक्या लवेने झाकलेली असते, तीही पाणी राखण्यासाठीच. माहीत असणं वेगळं आणि एप्रिलच्या उन्हात काटक्यांसमोर उभं राहणं वेगळं.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. जुलैत फूट निघाली आणि मग मोजलं. जुन्या ३१ कलमांपैकी १४ उरली. बियाण्याच्या १२४ पैकी ११९. एकाच माळावर, एकाच उन्हाळ्यात, पाण्याशिवाय दोघंही. कलमं दोन वर्षांनी मोठी होती, त्यांची खोडं जाड होती, तरी.

भाऊजींचा याला आक्षेप आहे आणि तो इथे नोंदवते. ते म्हणतात, २०१६ चा पाऊस चांगला झाला नसता तर बियाण्याचीही गत तीच झाली असती. कलमांच्या वाट्याला पहिलीच दोन वर्षं कोरडी आली. त्यांचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. म्हणून मी कुणाला सांगताना सांगते की तीन जागी तीन वर्षं थोडं थोडं टोका, सगळा माळ एकाच पावसाच्या भरवशावर टाकू नका.

छाटणीवरून वाद

पहिली खाण्याजोगी बोरं जानेवारी २०२१ ला आली, त्या संक्रांतीला वाणात घरची बोरं होती. एप्रिलमध्ये मी छाटणी काढली आणि घरात मोठा वाद झाला.

बोर त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत लागते. जुन्या फांद्या राहिल्या तर फूट बारीक येते, फळ लहान पडतं आणि झाडाचा आतला भाग काट्यांनी भरून जातो, हात जात नाही. पानं झडून झाड झोपलेलं असतं तेव्हा, एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, छाटणी केली तर झाडाला इजा कमी. मामांचं म्हणणं, बांधावरच्या बोरी कुणी छाटल्या कधी? त्यावर आत्यांनी तोड काढली. निम्म्या ओळी छाटा, निम्म्या ठेवा.

न छाटलेल्या झाडांवर त्या हिवाळ्यात फळं संख्येने जास्त होती, पण गोटीएवढी, आणि निम्मी शेंड्याला, काठीने झोडपून पाडावी लागणारी. छाटलेल्या झाडांची फळं दुप्पट मोठी होती आणि उभ्याने हाताला येत होती. आडत्याने दोन्ही कॅरेट बघून एकाचा भाव सांगितला आणि दुसरं बाजूला सारलं. पुढच्या एप्रिलला मामाच छाटणीची कात्री घेऊन आले. छाटलेल्या काटेरी फांद्या आता कुंपणाला पुरतात, वेड्या बाभळीकडे जावं लागत नाही. पावसाळ्यात काढलेल्या गावरान फुटव्यांचा पाला शेळ्यांना जातो.

फळमाशी आणि बांधावरच्या तीन बोरी

त्याच हिवाळ्यात, २०२१-२२ ला, मोठा फटका बसला. सप्टेंबर २०२१ ला मराठवाड्यात अतोनात पाऊस झाला. ओल राहिली, फुलोऱ्यात भुरी, म्हणजे पांढरी बुरशी आली. तिला गंधकाच्या फवारणीने आवरलं. पण डिसेंबरात फोडलेल्या दर दुसऱ्या बोरात अळी निघाली. एक सबंध गाडी माल परत आणला.

फळमाशी फळ वाटाण्याएवढं असताना सालीत अंडं घालते. अळी आत गर खाते, मोठी झाली की फळाबाहेर पडून मातीत कोष करते आणि पुढच्या हंगामात तिथूनच वर येते. म्हणजे पडलेलं किडकं बोर झाडाखाली सोडणं हे पुढच्या वर्षीचं बियाणं पेरण्यासारखंच झालं, आणि आम्ही दोन वर्षं तेच करत होतो. तेव्हापासून डिसेंबर ते फेब्रुवारी एक दिवसाआड पडलेली फळं वेचतो. चांगली शेळ्यांना, किडकी उकळत्या पाण्यात. मे महिन्यात झाडाखालची माती वीतभर चाळून उन्हात उलटी करतो. फळ वाटाण्याएवढं झालं की शिफारशीतली एक फवारणी, आणि काढणीच्या तोंडावर काहीही नाही.

अडचण मात्र घरचीच होती. माशी गावरान बोरावरही वाढते, आणि आमच्या बागेला सगळ्यात जवळची गावरान झाडं म्हणजे बांधावरच्या मामांच्या तीन बोरी. ज्या झाडांनी आम्हाला बी दिलं आणि मूळ दाखवलं, त्याच बागेच्या किडीचं घर झाल्या होत्या. शेतीच्या हिशेबाने त्या तोडायला हव्या होत्या, किंवा त्यांच्यावरही डोळा भरायला हवा होता. मामा म्हणाले, “त्या तीन ऱ्हाऊ दे. येळवशीला भज्जीत काय टाकशील?” येळवस म्हणजे वेळ अमावस्या. तिच्या भज्जीत, म्हणजे मिसळीच्या भाजीत, आंबट गावरान बोरच लागतं, उमराणने ती चव येत नाही, हे खरंच आहे. बोरी राहिल्या. त्यांच्याखालची फळं वेचायचं काम आत्यांनी स्वतःकडे घेतलं आणि एक दिवसही चुकवलं नाही. २०२२-२३ ला अळीची फळं दहात एक इतकी खाली आली.

हिशेब

२०२२-२३ हे आमचं सगळ्यात चांगलं वर्ष. सव्वाचार टन माल निघाला, सोलापूरच्या मार्केट यार्डात सरासरी १६ रुपये किलो मिळाले, म्हणजे ६८,००० रुपये. तोडणीची मजुरी, कॅरेट, गाडीभाडं, आडत यांत २७,००० गेले. काट्यांमुळे तोडणी सावकाश होते आणि बायका जास्त मजुरी मागतात, तो त्यांचा हक्कच आहे. छाटणी, शेणखत, फवारणी १२,०००. हातात २९,००० राहिले. पहिली सहा वर्षं माळाने काहीही दिलं नाही आणि २०१४ च्या लागवडीचा, ठिबकचा, टँकरचा खर्च अजून अंगावर आहे, तोही या हिशेबात धरायला हवा.

मग २०२३ आलं. तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ठरला. काळ्या रानात सोयाबीन एकरी तीन क्विंटलवर आलं, काढणीचा खर्चही निघाला नाही. माळावर बोरं आली, लहान आली, दोन टन निघाली. भाव १९ चा मिळाला आणि खर्च जाऊन १७,००० उरले. त्या वर्षी घरात शेतीतून आलेले पैसे तेवढेच.

त्या हिवाळ्यात एक चूक लक्षात आली, ती जातीची. उमराण उशिरा पिकते, जानेवारी-फेब्रुवारीत. आमच्या वरच्या ओळींत मुरूम इतका उथळ आहे की डिसेंबरातच ओल संपते आणि फळ पिकायच्या आत सुरकुततं. राजस्थानसारख्या कोरड्या भागात गोला ही लवकर येणारी जात लावतात, ती याचसाठी. पाणी संपायच्या आत फळ तयार होतं. आज सुरुवात करायची असती तर मी निम्म्या झाडांवर गोला भरली असती. २०२४ मध्ये वरच्या दोन ओळी कापून गोल्याचे डोळे भरले आहेत.

सप्टेंबर २०२५ च्या पुराने भूम-परंड्याचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. आमच्या काळ्या रानातली माती नदीने नेली. माळ उंच असल्याने वाचला, पण खालच्या टोकाला नाल्याचं पाणी बारा दिवस तुंबलं आणि तिथली चार झाडं गेली. मूळ खोल असूनही इतके दिवस तुंबलेलं पाणी त्यांना सोसलं नाही. तिथे आता चर काढला आहे.

मामा आता ८१ वर्षांचे आहेत, माळावर येतात ते मोटारसायकलवर मागे बसून. त्यांनी मुरूम काढणाऱ्या त्याच शेजाऱ्याला गाठून सांगितलं की तुझ्या बांधावर सात गावरान बोरी उभ्या आहेत, मूळ त्यांचं आधीच पाताळात गेलंय, तुला दोन वर्षं थांबायचीसुद्धा गरज नाही. शेजारी एकदम हो म्हणाला नाही. यंदा मार्चमध्ये स्वतः कुऱ्हाड घेऊन आला. सातही बोरी गुडघाभर ठेवून कापल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक बुंध्याला दहा-बारा फुटवे आले, आमच्या रोपांना आले होते त्याहून कितीतरी जाड. त्यातले दोन-दोन ठेवले आहेत. डोळकाड्या आमच्याच वरच्या ओळीतून, गोल्याच्या. साल सुटायला लागली की जुलैत भरायच्या.